डाव्या पारड्यातली फी

काटेमास्तरांना शाळेत गणितानं इतक्यांदा धूळ चारली होती, की मोठेपणी त्यांनी बेरजेशी बोलणंच टाकलं. ते तराजू दुरुस्त करत. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दोन रकमांतली मोठी कोणती हे ठरवायचं असलं, की ते शंभर रुपयांना एक ग्रॅम या हिशेबानं वजनं पारड्यांत टाकत आणि काटा उचलत. या पद्धतीनं त्यांनी घरातला फ्रीजसुद्धा निवडला होता.

आज पाळी होती घराच्या कर्जाची. नवी बँक कमी व्याजानं कर्ज द्यायला तयार होती, पण कर्ज तिकडे हलवायचं तर फीच फी! अर्जाची फी, वकिलाची फी, घर बघायला येणाऱ्याची फी, वर जुन्या बँकेचे निरोपाचे पैसे.

"अहो, कागदावर मांडा ना. दोन मिनिटांचं काम," बायको म्हणाली. तिचा जीव यात अडकला होता. व्याज वाचलं तर वॉशिंग मशीन, असं वचन तिला मिळालं होतं, आणि चादरी पिळून पिळून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता.

"कागदाला काय, लिहू ते ऐकून घेतो. काटा कुणाच्या बापाचं ऐकत नाही!"

मास्तरांनी समोर दिसला तो तराजू ओढला. डाव्या पारड्यात सगळ्या फिया टाकल्या, उजव्यात उरलेल्या वर्षांचं वाचणारं व्याज. काटा उचलला, तर उजवं पारडं धाडकन खाली!

"बघ! फी म्हणजे किस झाडकी पत्ती. चाललो मी."

मास्तर थेट जुन्या बँकेत गेले आणि मॅनेजरच्या टेबलावर कर्ज हलवण्याचा अर्ज आपटला. "साहेब, तोलून आलोय. तुम्ही हलके भरलात." परतताना त्यांनी ही विजयगाथा सलूनवाल्याला ऐकवली. चष्मेवाल्यानं ती अर्धीच ऐकली, पण त्याला तेवढी पुरली. या दोघांचीही कर्जं त्याच जुन्या बँकेत होती, आणि काटेमास्तरांचा काटा म्हणजे सगळ्या रस्त्यावर शेवटचा शब्द. दुपारपर्यंत दोघांचेही अर्ज बँकेत पोचले. पाठोपाठ झेरॉक्सवाला आणि सायकलवालाही गेले, कारण मागं राहायचं कुणी?

मास्तर जेवून सुपारी कातरत बसले होते, तेवढ्यात भाजीवाली मावशी दारात उभी राहिली.

"मास्तर, माझा काटा झाला का हो दुरुस्त? महिनाभर लोकांना फुकट टोमॅटो खिलवतेय मी."

"कोणता गं मावशी तुझा?"

"हा काय, तुमच्या पुढ्यातच आहे की! डावं पारडं हलकं दाखवतंय मेलं. कितीही माल घाला, वरच."

मास्तरांच्या हातातली सुपारी खाली पडली. तराजू उचलण्याआधी रिकामी पारडी बघावीत, हा धडा ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला देत. आज स्वतः मात्र विसरले होते. त्यांनी घाईघाईनं आपला स्वतःचा तराजू काढून तीच वजनं पुन्हा घातली. फीचं पारडं शांतपणे खाली बसलं.

"अगं, मेलो! मी बुडालो ते बुडालो, चार घरं बुडवली!"

बायकोनं चपला घातल्या. "रडायचं नंतर. आधी अर्ज मागे घेऊ."

दोघं बँकेत शिरली तसा मॅनेजर खुर्चीवरून उठूनच आला. "या मास्तर, बसा. चहा?"

"साहेब, एक चूक झाली..."

"झाली ना, आमची झाली! एका रस्त्यावरून एका दिवसात पाच अर्ज! मुख्य कचेरी हादरली हो. तुमचा दर आम्ही नव्या बँकेइतकाच करतो. नाममात्र फी, ना वकील, ना कुणी घर बघायला. पाचही जणांना. फक्त जाऊ नका."

"नाही पण साहेब, तो काटा..."

बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला. "ते म्हणताहेत, की काटा तुमच्याकडे झुकला, तर चालेल आम्हाला."

रस्त्यावर आनंदीआनंद झाला. सलूनवाल्यानं मास्तरांची दाढी फुकट केली, आणि मास्तरही त्या सुवासिक गालांनी घरी आले. ओठांवर आलेलं खरं ते त्यांनी गिळून टाकलं होतं. भाजीवाल्या मावशीला त्यांनी स्वतःचा चांगला तराजू वापरायला देऊन पाठवलं आणि तिचा बिघडलेला तराजू दुरुस्तीला पुढ्यात घेतला.

"थांबा," बायकोनं त्यांच्या हातातला पाना काढून घेतला. "आधी वॉशिंग मशीन."

"हो गं, घेऊ की. पण किंमत बघितलीस? एकदा नीट तोलून..."

"तोलाच ना. मी कुठं नको म्हणतेय?" तिनं मशीनच्या किमतीची वजनं घेतली आणि हलक्या हातानं डाव्या पारड्यात ठेवली. "दुरुस्ती उद्या करा. आज याच काट्यावर होऊन जाऊ दे."