विषय : फेरखेळ घेण्याबाबत

गाणं बंद पडलं तेव्हा मैदानावर दोन म्हातारे आणि एक प्लास्टिकची खुर्ची उरली होती. व्यंकटी खुर्चीवर बसला होता आणि तात्याराव सर उभे होते. एवढं स्पष्ट असताना वाद व्हायचं काही कारण नव्हतं. पण तात्यारावांनी स्पीकरकडे पाहिलं, व्हरांड्यातल्या थांबत आलेल्या पंख्याकडे पाहिलं आणि हात वर करून जाहीर केलं, "गाणं कुणी थांबवलं न्हाई. लाईट गेली!"

वालूरच्या शाळेत यंदा पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ज्येष्ठांची संगीत खुर्ची ठेवली होती. शेवटी उरलेली खुर्चीच बक्षीस द्यायची, असं मुख्याध्यापक रंगनाथ सरांनी ठरवलं होतं. गाणं सुरू-बंद करायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

"तुमी बटन दाबलं का?" तात्यारावांनी त्यांना विचारलं.

"दाबणारच होतो," रंगनाथ सर म्हणाले, "तेवढ्यात गेली."

"झालं तर मग! पंचानं थांबवलंच न्हाई तर बसायचं कशाला? मी नियमानं उभा ऱ्हायलो."

"पण सर, गाणं वाजायलंय का आता?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"न्हाई."

"मग थांबलंच की!"

लोक हसले. आभाळ भरून आलं होतं, वाटायची जिलेबी उघड्यावर होती. रंगनाथ सरांनी घाईघाईनं खुर्ची व्यंकटीच्या हातात दिली. व्यंकटीनं ती उलटी करून डोक्यावर घेतली आणि पहिल्या थेंबांतून तिच्याच आडोशानं तो घरी गेला.

तात्याराव एकतीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रोज सकाळी सहाला ते मैदानावर हजर असत आणि शाळेच्या मुलींना खो-खो शिकवत. दर शनिवारी सराव संपला की मुलींना गोल बसवून ते एक विचार सांगत आणि मुली तो वहीत लिहून घेत. त्यातला त्यांचा सगळ्यात आवडता विचार हारेचा. "जेवण पचलं न्हाई तर ओवा खाता येतो. हार पचली न्हाई तर औषध न्हाई. पंचानं बाद दिलं की बाहेर यायचं. तोंड वाकडं करायचं न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज असा काही लागायचा की वाटेनं जाणारे शेतकरीसुद्धा थांबत.

आता पंचाईत अशी, की मैदानाकडे जाणारा रस्ता व्यंकटीच्या घरावरून होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तात्याराव निघाले, तर व्यंकटी दारात त्याच खुर्चीवर पाय पसरून बसलेला.

"जय भीम, सर!" त्यानं हात वर केला.

तो हात तात्यारावांना जिंकलेल्या पैलवानाच्या हातासारखा वाटला. ते रस्त्यातच थांबले आणि त्यांनी लाईट आणि बटन यांतला फरक पहिल्यापासून समजावून सांगितला. व्यंकटी शांतपणे हसत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बरं बरं."

"बगा, किती गर्व आलाय," घरी आल्यावर तात्याराव बायकोला म्हणाले. "मी येवढं बोललो, तर 'बरं बरं' म्हनतो!"

सरजाबाई भाकरी थापत होत्या. "अवो, तीनशे रुपयाची खुर्ची. मी आणून देते तुमाला."

"खुर्चीचा प्रश्न न्हाई. नियमाचा प्रश्न हाय."

"मग नियमावर बसा," सरजाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

रोज पहाटे व्यंकटीच्या दारात थांबून फरक समजावणं चालूच राहिलं. लाईट आपोआप गेली याचा पुरावा मिळाला तर बरं, म्हणून तात्याराव लाईनमन गोपाळकडे गेले. गोपाळ त्यांचाच विद्यार्थी. त्यानं आदरानं चहा केला आणि सरळ सांगितलं, "सर, लाईट गेली न्हवती. मी बंद केली. लिंबाची फांदी तारेला टेकली होती."

"म्हंजे माणसानं बंद केली?"

"मी माणूसच की, सर."

दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. चौकातले लोक म्हणू लागले की माणसानं बंद केली म्हणजे गाणं थांबवलंच, सर हरले. तात्यारावांनी चौकात उभं राहून उत्तर दिलं की माणूस असला म्हणून काय झालं, गोपाळ पंच नव्हता. त्यावर गावात दोन तट पडले. संध्याकाळी तात्यारावांनी कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. 'विषय : फेरखेळ घेण्याबाबत. महोदय, वरील विषयी सविनय सादर करतो की...' अर्ज दोन पानं झाला. शाळेत देण्याआधी त्यांनी तो मुलींना शुद्धलेखन म्हणून वाचून दाखवला. ही त्यांची चूक झाली.

सेलूला तालुक्याचे सामने गुरुवारी होते. शनिवारी सकाळी सराव सुरू झाला. संघाची कर्णधार रोहिणी पळत होती. साक्षीनं खांबाजवळ तिला गाठलं आणि पाठीवर चांगली थाप मारली. तात्यारावांनी शिट्टी वाजवली. "रोहिणी, बाद!"

रोहिणी जागची हलली नाही. "मी बाद न्हाई, सर."

"आगं, आवाज आला थापेचा!"

"आला. पण तवा म्हैस आडवी आली होती."

सगळ्यांनी पाहिलं. म्हैस होती, पण मैदानाच्या पार पलीकडे गवत खात होती.

"ती बाहेर हाय की!"

"माझं लक्ष गेलं ना पण. लक्ष जाणं आन् लाईट जाणं एकच की, सर. खेळाडूचा त्यात काय दोष?"

तात्यारावांनी पुन्हा शिट्टी वाजवली. साक्षी मात्र भडकली. "आन् मी कालधरनं चार येळा बाद झाले, गप बाहेर बसले, ते काय येडी म्हून? मला बी फेरखेळ पायजे!"

रविवारी तात्यारावांच्या हातात तीन अर्ज पडले. तिन्हींची सुरुवात सारखीच होती. 'विषय : मला बाद दिल्याबाबत फेरविचार होणेबाबत. महोदय, वरील विषयी सविनय सादर करते की...' अक्षर सुंदर होतं, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. एका अर्जाला साक्षीदार म्हणून दोन धाकट्या बहिणींच्या सह्या होत्या. सोमवारी सरावाचा अर्धा तास सुनावणीतच गेला. मंगळवारी तर साक्षीनं जाहीरच केलं की आपल्या अर्जाचा निकाल लागल्याशिवाय आपण रोहिणीला खो देणार नाही. ती बसलेल्या रोहिणीच्या मागून पळत गेली आणि पलीकडच्या मुलीला खो देऊन बसली.

"अशानं गुरुवारी पहिल्या डावातच घरी यावं लागंल," तात्याराव ओरडले. "पंच सांगंल ते ऐकायचं असतं!"

"तुमी ऐकलं का, सर?" रोहिणीनं विचारलं. तिनं ते उद्धटपणे विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

तात्याराव घरी आले. सरजाबाईंनी ताट वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"पोट दुखायलंय का?"

"न्हाई. सात वर्षांची मेहनत हाय त्या संघामागं. गेली. परवा मॅचमधी भांडतील पोरी. माझ्यामुळं."

"मग जावा की व्यंकटीभाऊकडं. हरलो म्हना, आन् मोकळं व्हा. पण एकटे जाऊ नका. भांडलात गावासमोर, आन् हराल गुपचूप, असं कसं?"

बुधवारी सकाळी सराव झालाच नाही. तात्यारावांनी बाराही मुलींना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "चला माझ्यासंगं." रस्त्यानं ते पुढे, मागे खो-खोचा संघ, आणि त्यामागे काय झालं म्हणून पाहायला निघालेले आठ-दहा लोक, अशी ती मिरवणूक व्यंकटीच्या दारात येऊन थांबली. व्यंकटी खुर्चीवर बसून चहा पीत होता. एवढी माणसं बघून त्यानं बशी खाली ठेवली.

तात्यारावांनी घसा खाकरला. "व्यंकटी, तू जिंकलास. मी हरलो."

व्यंकटी हसला. "काय?"

तात्यारावांच्या कपाळावर आठी आली, पण मागे मुली होत्या. ते जरा मोठ्यानं म्हणाले, "मी हरलो म्हनलं!"

"आं?"

"मी हरलो!" तात्याराव ओरडले. शेजारच्या तीन घरांची दारं उघडली. पारावरचे दोघे उठून आले.

"आवो सर, कशाला घसा फोडायलात?" आतून व्यंकटीची बायको छबूबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "त्यास्नी ऐकू येत न्हाई. उजवा कान तर पारच बंद हाय. मशीन घिऊन दिलंय पोरानं, पर हे डब्बीत ठिवत्यात. भिजंल म्हून."

तात्याराव छबूबाईकडे वळले. मग हळूच म्हणाले, "वैनी, पंधरा ऑगस्टला मशीन लावलं होतं का?"

"कुठलं? पाऊस न्हवता का त्या दिशी!"

"मग ह्याला गाणं...?"

छबूबाईनं व्यंकटीच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन प्रश्न पोचवला. व्यंकटीचा चेहरा खुलला. एवढे दिवस हे कुणी विचारलंच नव्हतं.

"गाणं कुटलं आलंय ऐकू, सर! सगळे बसले की मी बी बसायचो. लय सोपं होतं. शेवटाला तुमी आन् मीच ऱ्हायलो. म्हनलं, सर बसतील तवा बसू. पर तुमी बसंनाच! माझा गुडघा म्हनला, आता बास. बसलो. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या." मग तो जरा ओशाळला. "तवापासून तुमी रोज थांबून चांगलं सांगायलात. मला वाटलं, अभिनंदन करायलात."

मागून कागदाचा आवाज आला. साक्षीनं वही उघडली होती. तिचे डोळे चमकत होते.

"सर! त्यांनी गाणं ऐकलंच न्हाई! मग ते जिंकले कसे? विषय काय लिवू?"

रोहिणी तात्यारावांकडे बघत होती. बाकीच्या दहाही बघत होत्या. तात्यारावांच्या मनात तोवर तिसरं पान लिहून झालं होतं, खाली सही करायची तेवढी राहिली होती.

"काय लिवू नगंस," ते म्हणाले. "तो बसला, मी उभा ऱ्हायलो. खेळ तेवढाच होता."

मग ते व्यंकटीच्या डाव्या बाजूला गेले, त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अभिनंदन." व्यंकटीला ते नीट ऐकू आलं. छबूबाईनं बारा मुलींना चहा केला. रोहिणी आणि साक्षी एकाच बशीतून प्यायल्या आणि चहा संपेपर्यंत अर्जांचे कागद चुलीत गेले होते.

गुरुवारी सेलूच्या मैदानावर वालूरच्या मुली अशा खेळल्या की बघणारे उठून उभे राहिले. साक्षीनं रोहिणीला सात वेळा खो दिला. शेवटच्या पाळीत दोन मिनिटं उरली होती, एवढी काढली की सामना खिशात. रोहिणी खांबाला वळसा घालून निसटली, मागून एक हात आला, आणि पंचाची शिट्टी वाजली. बाद.

"पंच!" तात्याराव बाकावरून उठले. "लागलाच न्हाई हात! मी बगितलंय! इतकं अंतर होतं!"

रोहिणी धापा टाकत त्यांच्यापाशी आली. "सर, लागला."

"कुठं लागला?"

"पाठीला. बोटाचं टोक."

"बोटाचं टोक पंचाला कसं दिसंल? त्यानं अंदाजानं दिलं! अंदाजानं..."

"सर," रोहिणीनं त्यांची बाही धरली, "मला कळलं ना पण. पाठ माझी हाय."

तात्याराव खाली बसले. वालूरचा संघ एका गुणानं हरला. रोहिणीनं समोरच्या कर्णधाराशी हात मिळवला, साक्षीनं तर तिला तिच्या वेणीची रिबीन कुठून घेतली तेही विचारलं.

परतीच्या एसटीत मुलींना भूक लागली होती. चुरमुरे संपल्यावर भेंड्या सुरू झाल्या आणि सामन्याची आठवणही कुणाला राहिली नाही. पुढच्या सीटवर तात्याराव कंडक्टरला अंगठा आणि बोट यांमधली फट दाखवत होते, "इतकं. इतकं अंतर होतं बघा." कंडक्टर तिकिटं फाडत मान हलवत होता. रोहिणीनं मागून ऐकलं, साक्षीला कोपरानं ढोसलं आणि दोघी हसून पुन्हा गाण्यात शिरल्या. वालूरचा फाटा आला तेव्हा ती फट दोन्ही हातांत मावेनाशी झाली होती.