शुक्रावरचे पाहुणे आणि मचाणावरचा मास्तर

अख्ख्या गावाच्या डोक्यातली भुतं महिन्याभरात काढतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं! वय चोवीस, पेशा शाळामास्तर, साल सत्तावन्न, आणि गाव चांदा जिल्ह्याच्या पार टोकाला, जंगलात.

चावडीत सरकारी रेडिओ होता. गाव त्यावर धानाचे भाव आणि पावसापाण्याच्या बातम्या तेवढ्या ऐके. मी म्हटलं, आता विज्ञान ऐका! ‘शुक्रावरचे पाहुणे’ ही तेरा भागांची मालिका चालू होती. बॅटरी दीड महिना चांद्याला अडकल्यामुळे आम्ही एकदम सातव्या भागाला बसलो.

आधी नुसता घुमारा, हूंऽऽ! मग एक शास्त्रज्ञ दबक्या आवाजात म्हणाला, “उद्या सांजेला ते जंगलात उतरतील. ओळखीच्या माणसाचं रूप घेतील. हाक मारतील. ओ देऊ नका!”

गावचा पुजारी लालसू गायता हळूच म्हणाला, “मास्तर, हे खरं काय जी?”

“विज्ञान कधी खोटं बोलत नाही!” मी ऐटीत म्हणालो. तिथंच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मूल गावचे गुणवंतराव आपल्या मुलीसाठी मला पाहायला येणार होते. ‘जंगलातली नोकरी’ म्हणून आधीच तीन स्थळं फिरली होती, त्यामुळे हे चौथं हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. दुपारीच सडकेवर जाऊन त्यांना घेऊन आलो. दिवस कलायला आला होता. गावाच्या शिवेवर पाहतो तर दोन झाडांना पानांची दोरी आणि खाली राखेची रेघ! चुलीचा धूर नाही, पोरांचा गलका नाही, कुत्रंही भुंकत नव्हतं. रेघेपलीकडे लालसू उभा.

“गाव बांधलं, मास्तर. दिवा लागेपर्यंत कोनी आत नाई, कोनी बाहेर नाई.”

“अरे, हे माझे सासरे!”

“होणारे,” गुणवंतराव म्हणाले.

“ओळखीचं रूप घेते म्हनून पेटीनं सांगतलं ना!”

“ते नाटक होतं रे!”

“मंग काल काऊन म्हनलं, विज्ञान खोटं बोलत नाई?”

गुणवंतराव नाल्यावर पाय धुवायला गेले आणि मी धानाच्या बांधावर एकटा उरलो. तेवढ्यात रातकिडे एकदम थांबले. गावाकडून आवाज आला. हूंऽऽ!

चावडीतला रेडिओ सांभाळणारा दसरू कोतवाल तो बंद करायला विसरला असणार, असं मी मनाला बजावलं. पण पाय ऐकेनात! शेजारीच धान राखायचं मचाण होतं. वर कसा पोचलो, देव जाणे.

“मास्तर!” खालून हाक आली. आवाज गुणवंतरावांचाच, पण कसा कोण जाणे, पोकळ. “वाघाचा पाय उमटला हाय इथी, ताजा! मले वर येऊ द्या!”

मी ओ दिली नाही. शिडी हलली. मी डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी ती वर ओढून घेतली.

“मास्तर... हो मास्तर...”

किती वेळ गेला कोण जाणे. अखेर लालसू दिवा घेऊन आला, मागे दसरू. मचाणाखाली गुणवंतराव छत्री छातीशी धरून उभे होते, घामानं निथळत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरल्या उतरल्या मी दसरूवरच ओरडलो, “रेडिओ बंद करता येत नाही?”

“कोनता रेडिओ? बॅटरी तं कालच काढून माह्या खाटेखाली ठेवली!”

मग तो आवाज कशाचा होता? मला आजतागायत कळलेलं नाही.

मी गुणवंतरावांपुढे हात जोडले. “मला वाटलं, तुमचं रूप घेऊन दुसरंच कोणी आलं!”

त्यांनी शांतपणे छत्रीनं धोतरावरची धूळ झटकली.

“पोरीच्या मायले तं चांगलंच सांगीन,” ते म्हणाले. “पोरगा मोठा ताकदीचा हाय म्हना. एवढी शिडी एकट्यानं वर ओढते!”