गणपतीला वाहिलेली काच

आंजी गावात वीज गेली तरी यापुढे आपल्या घरात पंखा फिरणार, असं अंकितानं छातीठोकपणे सांगितलं तेव्हा वच्छलाबाईंनी कौतुकानं मान डोलावली. पोरगी वर्ध्याच्या कॉलेजात रंगीत काचेपासून वीज करते, एवढं त्यांना ठाऊक होतं. काच लालचुटूक, तरी आरपार दिसणारी! खिडकीला बसवा, घरात उजेडही आणि वीजही! आज तिचे सर ती बघायला येणार होते. त्यांना पटली तरच काम पुढे जाणार.

पण सकाळी अंगणात गेल्या आणि वच्छलाबाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. जास्वंदीला एकही फूल नाही!

"अंकिता, फुलं कुठी गेली वं?"

"काचेत, आई."

"काचेत?"

"फुलांचाच रंग देला तिले. तो उजेड पिते न् वीज करते."

गणपतीला जास्वंद वाहायची, आरती होईस्तोवर समई तेवती ठेवायची आणि मगच अन्नाला शिवायचं, हे त्यांचं रोजचं व्रत. लग्न झाल्यापासून खंड नाही! आज मोडायचं?

अंकिता सरांना आणायला स्टँडवर गेली आणि त्यांना सुचलं. फुलं काचेत आहेत ना? मग काचच वाहू! वायरला हात लावायची भीती, म्हणून जोडलेल्या चिमुकल्या पंख्यासकट ती उचलून मूर्तीपुढे उभी केली. काचेआडून गणपती छान शेंदरी दिसू लागला. अंधाऱ्या देवघरात त्यांनी समई लावली.

पंखा गरकन फिरला. समई विझली. पंखा थांबला.

पुन्हा लावली. पंखा फिरला. समई गेली!

"देवा, काई चुकलं काय माह्यं?"

त्यांचे यजमान बंडूजी अर्ध्या दाढीचा फेस घेऊन धावत आले. "अवो, तो पंखा उचल ना तिथून!"

"वाह्यलेलं आरतीच्या आधी उचलते काय कोनी?"

त्यांनी तिसऱ्यांदा समई लावली, तेवढ्यात अंकिता सरांना घेऊन दारात. समईच्या उजेडावर पंखा फिरताना बघून सर किंचाळलेच! "अंकिता! एवढ्याशा उजेडावर?"

"सर, मी नाई ठेवली तिथं!"

"बूट काढा, सर," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "अन् वातीले हाताचा आडोसा धरा जरा."

एकीकडून सर, दुसरीकडून फेसाळलेले बंडूजी. समईलाच थंडी वाजत असावी असे दोघं तिला बिलगून बसले. आरती झाली. समई टिकली! वच्छलाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"आता उन्हात बघू!" सर काच घेऊन अंगणात धावले. "समईवर एवढा फिरला, तर वैशाखाच्या उन्हात उडूनच जाईल!"

पंखा भन्नाट फिरला. मग रमतगमत फिरला. मग थांबला. काच बघता बघता गुलाबी झाली, मग पांढरी फटक!

"रंग उडाला, सर," अंकिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

वच्छलाबाईंनी मात्र डोक्यावर पदर घेऊन काचेला हात जोडले. "उडाला नाई वं, पोरी. देवानं फूल घेतलं!"

सरांनी काच उलटीपालटी करून पाहिली आणि उसासा टाकला. "काकू, पुढच्या काचेच्या वेळी देवाले थोडं दमानं घ्यायले सांगा!"