थंड खोलीचे दोन मानकरी

जावई आणि संगणक, दोघांनाही थंड खोली लागते, हे सर्वमान्य सत्य आहे. माझी धाकटी रुखमा १९८८ च्या माघात उजवली आणि त्याच उन्हाळ्यात अड्याळच्या आमच्या धान संस्थेत संगणक आला. त्याच्यासाठी जिल्हा कार्यालयाने एसी बसवला. (संगणकाने संस्थेचे चाळीस टक्के काम केले. उरलेले ऐंशी टक्के कारकून बाबूलालने हाताने केले.)

मग धोंड्याचा महिना लागला. जावयाला नारायण मानून तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे. आमचे जावई तेजराम जवाहरनगरच्या क्वार्टरातून पाहुणचाराला आले आणि उकाड्याने दुसऱ्याच दिवशी परत निघाले. वाण न घेता जावई गेला, तर मुलीला जन्मभर टोमणे. मी संस्थेचा अध्यक्ष. त्यांना 'तज्ज्ञ सल्लागार' नेमून संगणकाच्या खोलीत बसवले. सतरंजी, उशी आणि तांब्या ही संगणकीय साधने तिथे आधीपासूनच होती.

"मामाजी, आता वाण घेतल्याबिगर हालत नाही मी," ते म्हणाले.

इतक्यात परिपत्रक आले. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे पेटीत बसून पेटी चालवणारा अदृश्य कारभारी, बदलण्यात येत आहे. नवा कारभारी उष्ण प्रदेशास योग्य असल्याने एसी काढून मोठ्या साहेबांच्या खोलीत हलवावा. (साहेबांची उष्ण प्रदेशास योग्य आवृत्ती अद्याप निघालेली नव्हती.)

नागपूरहून इंजिनिअर आला. त्याने पेटीच्या फटीत एकामागून एक चपट्या फ्लॉप्या सारल्या, "आता याला गर्मी चालते" म्हणाला आणि घाम पुसत गेला. जावयाचा डबा घेऊन आलेली माझी बायको शकुंतलाबाई दारातून सगळे पाहत होती.

"एसी गेला तं जावई जाते. रुखमीनं सासरी तोंड कसं दाखवावं?"

"वरचा हुकूम आहे," मी म्हणालो.

"अन् हा नवा? हाबी धोंड्यातच आला ना? आल्या आल्या कामाले जुंपला, अन् खाऊ काय घातलं? चपटं प्लास्टिक!"

दुसऱ्या दिवशी तपासनीस कृष्णराव एसी न्यायला ट्रॅक्टर घेऊन आले. नियमानुसार आधी एसी बंद केला, मग म्हणाले, "नवी सिस्टीम चालवून दाखवा." बाबूलालने बटण दाबले. पेटी गुरगुरली. साजूक तुपाचा वास सुटला. थोडी खसखस उडाली आणि पडदा काळा झाला.

"काहून बंद पडला?" कृष्णरावांनी विचारले.

तेजराम सतरंजीवरून उठले. पेटीच्या कपाळावर हात ठेवून त्यांनी आपल्या कारकिर्दीतला एकमेव सल्ला दिला. "ऊन लागलं त्याले. कांदा आणा."

कांदा फोडून फटीशी धरला. गुण आला नाही. कृष्णरावांनी 'उष्माघात' असा शेरा मारला आणि एसी कायम ठेवण्याची शिफारस केली. ट्रॅक्टर रिकामा परतला. वाणात बत्तीस अनारसे निघाले. जावयांनी मोजले नाहीत.

मग आम्ही खिडकीवर पाटी लावली: 'सिस्टीम बंद आहे, उद्या या.' लोक निमूटपणे परत जात.

तुम्ही हसाल. पण खिडकीवर हेच ऐकून तुम्हीही मुकाट्याने परत फिरता. आतल्या थंड खोलीचे दार लोटून पाहिलेत कधी?

आमचा संगणक २ जून १९८८ रोजी, गुरुवारी, वारला. जावई खुशाल आहेत.