पुन्हा त्याच टेबलावर

दवाखान्याच्या पाटीवर ‘कायरोप्रॅक्टर’ असं लिहिलं असलं, तरी सगळे त्यांना हाडं बसवणारे डॉक्टरच म्हणत. या डॉक्टरांनी सलूनवाल्याला बरं केलं, दारापर्यंत सोडलं, ‘आता खुशाल कामाला लागा’ म्हणून पाठ थोपटली, आणि लगेच गाडी मागे घेताना त्यालाच धडक दिली.

धडक तशी हलकीच होती. पण पाठ तीच होती. स्कूटरवरून पडून आखडलेली, आणि डॉक्टरांनी दाबून, वळवून, मणक्यांची समजूत घालून सरळ केलेली. एक्स-रे काढला, हाडं शाबूत निघाली. सलूनवाला मात्र पुन्हा होता तसा वाकडा. त्याच टेबलावर पालथा पडून त्याने एवढंच विचारलं, “पुन्हा पहिल्यापासून का हो?”

त्याची घाई वेगळी होती. दुकान मेव्हणा सांभाळत होता, आणि फार चांगलं सांभाळत होता. खरं दुखणं ते होतं. जुनी गिऱ्हाइकं विचारपूस करायला घरी येत ती मेव्हण्याकडून केस कापूनच. आणखी थोडे दिवस गेले, की स्वतःच्याच दुकानात त्याला नंबर लावून बसावं लागणार होतं.

मेव्हण्याने बातमीही नीट सांभाळली. गालाला साबण लागलेलं गिऱ्हाईक उठून जात नाही, त्यामुळे प्रत्येकाला ती शेवटपर्यंत ऐकावी लागली: डॉक्टर आधी बरं करतात, मग पाडतात, धंदा कसा अखंड चालतो. लोक हसले खरे, पण दवाखान्यातून बाहेर पडणारे पेशंट आधी डॉक्टरांची गाडी कुठे आहे ते बघू लागले आणि भिंतीच्या कडेकडेने फाटक गाठू लागले. डॉक्टरांनी गाडी घरी ठेवली, ते चालत यायला लागले. तेव्हा सलूनमध्ये ठरलं, की लायसन्स गेलं.

हेही निभावलं असतं. पण डॉक्टरांचा हात चालेना. जिथे पूर्वी एका झटक्यात कट्कन आवाज यायचा, तिथे ते आता नुसती बोटं फिरवत, गरम पिशवी ठेवत, आणि उद्या बघू म्हणत. शेवटी त्यांनी सलूनवाल्याला दुसऱ्या डॉक्टरचं नाव सुचवलं. तो टेबलाच्या भोकात तोंड घालून पडला होता. आवाज जमिनीतून आल्यासारखा आला.

“दुसऱ्याकडे गेलो तर मेव्हणा म्हणतो ते खरं ठरेल. आणि डॉक्टर, तुम्ही जे करताय त्याला कुरवाळणं म्हणतात. दाबा.”

“दुखेल.”

“गाडीने विचारलं होतं का?”

डॉक्टरांनी गरम पिशवी बाजूला ठेवली. माफी मागून झाली होती, घरी फळं पोचवून झाली होती. एवढे दिवस आपण चोळत होतो ती आपलीच भीती, हे त्यांना आता कळलं. त्यांनी श्वास सोडायला सांगितलं. दोघांनीही सोडला. मग त्यांनी भार टाकला, आणि आवाज बाहेर बसलेल्यांनीही ऐकला.

सलूनवाला उठून बसला. मान फिरवून पाहिली, फिरली. “आता तुम्ही उद्या दुकानात या,” तो म्हणाला.

चारचौघांत चूक कबूल करायला डॉक्टर तयारच होते. तसं त्यांनी सांगितलंही.

“बोलायचं काही नाही. दाढी करून घ्यायची. बरेच दिवस वस्तरा धरला नाही, हात बिचकतोय. सकाळी स्वतःची करून बघितली.” त्याने हनुवटीवरच्या चिकटपट्टीला बोट लावलं. ती पट्टी डॉक्टरांनी आल्याआल्याच पाहिली होती. तीही आपल्याच गाडीच्या खात्यात असेल म्हणून तिच्याबद्दल विचारलं नव्हतं. “मेव्हण्यादेखत माझ्या खुर्चीत पहिलं कुणीतरी बसायला हवं ना.”

दुसऱ्या दिवशी दुकान भरलेलं होतं. मेव्हणा हाताची घडी घालून कडेला उभा होता. डॉक्टरांनी मान मागे टाकली. वस्तरा गळ्यापाशी आला आणि तिथेच थांबला.

“अंग सैल सोडा,” सलूनवाला हळूच म्हणाला.

हे वाक्य डॉक्टर रोज येईल त्याला ऐकवत. ते पाळणाऱ्याचं काय होतं, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. त्यांनी अंग सैल सोडलं. निदान मेव्हण्याला तसं वाटेल इतपत.