वाद घालायचा नाही

जनेल किवेलाची कंबर पार कामातून गेली होती. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या वृद्धाश्रमात नर्सिंग असिस्टंट म्हणून वर्षानुवर्षं माणसं उचलून आणखी काय होणार! वरची परीक्षा पास झाली, की नुसती औषधांची ट्रॉली ढकलायची आणि गोळ्या द्यायच्या. गेल्या खेपेला ती नापास झाली होती. आता पुन्हा आपटली, तर कंबरेचं काही खरं नव्हतं.

परीक्षा गावाबाहेरच्या दुसऱ्या वृद्धाश्रमात, विस्मरणाचा आजार असलेल्यांच्या विभागात होती. नेमकी त्याच दिवशी गाडी बर्फात रुतली. जनेल धापा टाकत पोचली, तर व्हरांड्यात टेबलामागे टाय लावलेले एक म्हातारे गृहस्थ बसलेले.

"परीक्षेला आलीस? ही काय यायची वेळ झाली?"

"सर, बर्फात गाडी..."

"सबबी नकोत! नखं दाखव."

जनेलनं मुकाट्यानं नखं दाखवली. परीक्षक काय वाट्टेल ते करायला लावतात, हे तिला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंच होतं. मग तिनं त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, कोको आणून दिला, बाराचा पाढाही म्हणून दाखवला. औषधांचं एवढं शिक्षण घेऊन हे पाढे कशाला, ते तिला काही केल्या कळेना.

"शाब्बास! पास!" गृहस्थ म्हणाले. जनेलला तर नाचावंसं वाटलं. कंबरेनं नको म्हटलं.

इतक्यात शेजारच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला. पलंगावर गाऊन घातलेली एक बाई कठड्यांना धरून ओरडत होती, "अरे, मी परीक्षक आहे! कुणीतरी ऐका रे!"

इथल्या माणसांशी वाद घालायचा नाही, हा तर धंद्यातला पहिला धडा. जनेलनं दार वाजवलं, नाव सांगितलं, हात धुतले, पडदा ओढला. "हो हो आजी, तुम्हीच परीक्षक. पाणी देऊ?"

"तूसुद्धा? मघापासून सगळे हेच म्हणतायत! त्या मेल्यानं कठडेसुद्धा लावून ठेवले!" मग जनेलच्या छातीवरचा उमेदवाराचा बिल्ला बघून बाईचा सूर एकदम बदलला. "बरं बाई, त्या शेजारच्या ट्रॉलीवरची माझी गोळी तरी दे."

ती गोळी ज्यांची, त्यांचा फोटो शेजारीच लावला होता, तो जनेलनं बघितला. फोटोतल्या बाईच्या गालावर तीळ होता. या बाईच्या नव्हता.

"ही गोळी तुमची नाही, आजी."

"दे गं! जीव चाललाय माझा!"

"म्हणूनच नर्सला बोलावते." जनेलनं घंटी दाबली.

नर्स आली आणि दारातच थबकली. "अगंबाई, डोरीन मॅडम! परीक्षा घ्यायची सोडून कठड्यांच्या आत काय करताय?"

मागे व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, "चला हेडमास्तर, जेवायला. आज कुणाला पास केलंत?"

आजी म्हणून चुचकारलं, ते परीक्षकाला! संपलं. आता जन्मभर उचलाउचल.

"मॅडम, मला वाटलं..."

"काय वाटलं ते ऐकलं मी. परीक्षेसाठी रोगी बनून पलंगावर पडले, तर त्या हेडमास्तरांनी कठडेच लावून टाकले!" डोरीनबाईंनी केस नीट केले. "दार, हात, पडदा, सगळं बरोबर. आणि तो तीळवाला फोटो मी मुद्दाम ठेवला होता. सकाळपासून आधीच्या दोघी उमेदवारांनी गोळी तोंडात कोंबली माझ्या. तू पास."

जनेलला रडूच फुटलं.

"पण दोन गुण कापणार."

"का हो मॅडम?"

"आजी कुणाला म्हणतेस गं? तुझ्याहून लहान असेन मी!"

"हो हो," जनेल डोळे पुसत म्हणाली. वाद घालायचा नाही.