बसवरचा शेवटचा हात

मॉडेलला मॅट फिनिश देणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे! हे मी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं, तेव्हा ती वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होती.

"मग उजवा मोकळाच असेल ना? तेवढे कपडे वाळत घाल," ती म्हणाली.

घातले. कलाकाराला घरात किंमत नसते, हे मी फार पूर्वीच मान्य केलेलं आहे.

तर प्रकरण असं. माझे सासरे बस ड्रायव्हर. शनिवारी ते निवृत्त होणार होते आणि डेपोत त्यांचा निरोप समारंभ होता. उभी हयात त्यांनी जी लाल बस चालवली, तिचं हातभर लांबीचं मॉडेल मी त्यांच्यासाठी बनवत होतो. आरसे, वायपर, चाकांचे नट, इतकंच काय, ड्रायव्हरच्या सीटचं उसवलेलं कापडसुद्धा! आणि हे सगळं कशासाठी? तर सासऱ्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'छान' हा शब्द ऐकायचा म्हणून!

सासऱ्यांचं कौतुक 'चालेल'च्या पुढे जात नाही. मुलगी झाली तेव्हाही ते 'चालेल' म्हणाले होते. ती मुलगी म्हणजे माझी बायको. मला तर अजून 'चालेल'सुद्धा मिळालेलं नव्हतं. शिवाय त्यांच्या खिशात कायम एक पिवळं फडकं. ड्यूटी संपली की गाडी पुसूनच पुढच्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायची, हा त्यांचा नियम. पुढे ती सवय इतकी वाढली की ते खुर्ची पुसून बसतात आणि आमच्या दारावरची बेल पुसून मग वाजवतात. माझ्याशी पहिल्यांदा हात मिळवला तेव्हाही त्यांनी फडकं काढलं होतं. तो अपमान नव्हता, असं बायको म्हणते.

आता मॅट म्हणजे काय, ते सांगतो. रंगकाम झालं की वरून एक पारदर्शक थर मारायचा, त्याने सगळी चमक जाते. छोटी वस्तू चमकली की खेळण्यातली वाटते, आणि मॅट मारली की खरी वाटते. आमच्या छंदातला हा शेवटचा हात, आणि माणसं वाया जातात ती इथेच. मी जाणार नव्हतो!

रंगावर धूळ बसू नये म्हणून बाथरूममध्ये गरम पाणी सोडायचं, वाफेने धूळ खाली बसते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. वाफ जाईपर्यंत थांबायचं, हेही तिथे लिहिलेलं असणार. पण तिथवर मी वाचलं नव्हतं. दार लावलं, नळ सोडला, ढगात उभा राहिलो आणि स्प्रे मारला.

लाल बस बघता बघता पांढरी झाली!

"ही काय बर्फातून आणलीस?" बायकोने विचारलं.

"वाळली की जाईल."

वाळली. आणखी पांढरी झाली. मी मुकाट्याने रंगाच्या दुकानदाराला फोन लावला. हा गृहस्थ रंग कमी विकतो आणि गिऱ्हाइकाची हजेरी जास्त घेतो.

"हवा कशी होती?" त्याने विचारलं.

"वाफेची."

"बरं, डबा हलवला होता?"

"हलवला की!"

"किती?"

"म्हणजे... उचलला तेव्हा हललाच असेल."

"अहो, चमक मारणारी पूड तळाशी बसलेली असते! हात भरून येईपर्यंत हलवा. भरून आला की दुसऱ्या हाताने हलवा. आधी या पांढऱ्यावर ग्लॉस मारा, पांढरं जाईल. तो वाळला की कोरड्या हवेत मॅट. आणि नंतर कुणाला पुसू देऊ नका. घासली की मॅट चमकते."

"समारंभ परवा आहे हो!"

"मग घाई करा, पण सावकाश," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

ग्लॉस मारला आणि काय सांगू! पांढरं सगळं गायब, बस आरशासारखी लखलखीत! बायको म्हणाली, "झाली की! किती गोड दिसतेय!"

"अगं, ही अजून व्हायचीय! वाळतेय ती. हात लावू नकोस," असं बजावून मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर टेबलावर गुलाबाच्या फुलांच्या कागदात घट्ट गुंडाळलेली, वर रिबन लावलेली माझी बस!

"हात लावू नकोस म्हणालो होतो ना?"

"हात कुठे लावला? कागद लावला! मला वाटलं, झालीय. इतकी चकचकीत वस्तू अजून व्हायची असते, हे मला काय माहीत?"

कागद सोलला. निम्मा बसबरोबरच राहिला. बसच्या टपावर एक गुलाब उमटला होता, पाकळ्यांसकट. मग पॉलिश पेपर, थिनर, पुन्हा लाल रंग, पुन्हा ग्लॉस. शुक्रवारी मी रजाच टाकली.

दुपारी सगळं वाळलं. बायको कामावर गेलेली. बाथरूम कोरडं ठणठणीत. मी दार लावून डबा हलवायला लागलो. खडखड, खडखड! उजवा हात भरून आला, डावा आला, पुन्हा उजवा. तेवढ्यात बेलवरून काहीतरी घासल्याचा आवाज आला. मागोमाग बेल वाजली.

सासरे!

मॉडेल तर त्यांच्यापासून लपवायचं होतं. मी बाथरूमचं दार ओढून घेतलं आणि बाहेरचं उघडलं. माझे डोळे लाल, केस उभे, अंगाला थिनरचा वास आणि दोन्ही हात थरथरत होते.

"आत कोण आहे?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा."

"बाटली वाजत होती."

"औषधाची!"

"कसलं औषध?"

"ते... हलवून घ्यायचं असतं."

सासऱ्यांनी हवा हुंगली. खुर्ची पुसली, पण बसले नाहीत.

"भरदुपारी, जावईबापू?" एवढंच बोलून ते निघून गेले.

संध्याकाळी बायको आली ती कपाळाला हात लावूनच. "बाबांचा फोन आला होता. पोरी, तुला काही त्रास असेल तर सांग, म्हणाले. आणि उद्या तुला आणलं नाही तरी चालेल म्हणे!"

चला! माझ्या बाबतीत त्यांनी 'चालेल' वापरलं ते असं!

मॅट मात्र बसली. पातळ हात, कोरडी हवा, पांढरेपणा नाही, डाग नाही. बस अशी दिसत होती की मागे धावत सुटावं. आता तरी 'छान' नक्की!

शनिवारी मी तरीही गेलो. भाषणं झाल्यावर मॅनेजरांनी मला पुढे बोलावलं आणि मी बसचा खोका सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी बस बाहेर काढली. आरसे बघितले. सीट बघितली. उसवलेल्या कापडापाशी थांबले.

"बाबा, तो काल रंगाचा डबा हलवत होता," बायको हळूच म्हणाली.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. खरं सांगतो, माझेही आले. मग त्यांचा हात खिशात गेला. रुमाल काढताहेत असं मला वाटलं. रुमाल पिवळा होता.

"बाबा, नको!"

पण तोवर ते टपावर होते. टप, बाजू, पुढची काच, मागची काच, पुन्हा टप. तीस वर्षांचा हात तो, एक कोपरा सोडला नाही! बस चकाकायला लागली. डेपोभर टाळ्या पडल्या.

"आता दिसतेय आपली गाडी!" त्यांचा कंडक्टर मागून ओरडला.

सासऱ्यांनी बस हातभर लांब धरली आणि म्हणाले, "छान!"

मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. मग त्यांनी फडक्याची नीट घडी घातली, माझ्या हातात ठेवली आणि कानाशी येऊन समजावलं, "गाडी ताब्यात देताना पुसून द्यायची असते, जावईबापू. पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

बस आता त्यांच्या शोकेसमध्ये असते आणि रोज पुसली जाते. पोटाखाली, चाकांच्या मध्ये, फडकं पोचत नाही तिथे माझी मॅट अजून शाबूत आहे. सासुरवाडीला गेलो की आसपास कुणी नाही असं बघून मी बस उलटी करतो आणि जरा वेळ बघत बसतो.